दुसरी बोली नसताना

१२ फेब्रुवारी

नकटे,

आशीर्वाद पाठवत नाही. मागच्या खेपेला पाठवले होते ते तू पाकिटासकट परत केलेस, आणि परत आलेला माल पुन्हा विकायला काढायचा नाही हा आमच्या लिलावघराचा नियम आहे.

आई गेल्यापासून आपण एकमेकांशी बोललो नाही. एवढा दीर्घ आणि निर्विघ्न अबोला दोघांनी मिळून पाळला, त्याबद्दल दोघांचंही कौतुक व्हायला हवं. भावाबहिणीत इतकं एकमत क्वचित दिसतं. तेव्हा हे पत्र समेटाचं आहे असं समजू नकोस. कामाचं आहे.

काम असं. माझ्या स्वरयंत्रात गाठ आहे. कर्करोगाची. तुकडा काढून तपासला, शंकेला जागा उरलेली नाही. गेले काही महिने आवाज बसला होता. मी म्हणायचो, दालनातली धूळ. शेवटी जुन्या घड्याळांचा एक व्यापारी आहे, लिलावाला कायम पहिल्या रांगेत बसणारा, तो सगळ्यांदेखत म्हणाला, “मालक, तुमची बोली ऐकायची तर आता तुमच्या मांडीवर येऊन बसावं लागेल.” दालन हसलं. मीही हसलो, तर हसण्याचाही आवाज आला नाही. मग गेलो डॉक्टरकडे. सिगारेटबद्दल तुला जे म्हणायचंय ते मला पाठ आहे, उत्तरात लिहून शाई वाया घालवू नकोस.

घाबरण्यासारखं काही नाही. म्हणजे आहे, पण मी या प्रकाराकडे दालनात आलेल्या नगासारखं पाहायचं ठरवलंय : आधी उलटापालटा करून नीट बघायचा, मग तोंड उघडायचं.

आता मुद्दा. इथल्या कर्करोग केंद्राची एक रीत आहे. उपचार कोणता घ्यायचा हे एका बैठकीत ठरतं. सगळे डॉक्टर एका टेबलाभोवती, आणि रुग्णाच्या शेजारी एक खुर्ची, सोबत्याची. सोबत्याने ऐकायचं. मत द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. शेवटी त्याला एकच प्रश्न विचारतात : तुमच्या माणसाला काय हवंय, ते तुम्हाला समजलं तसं सांगा. ते झालं की मग रुग्ण आपला निर्णय सांगतो. म्हणजे रुग्णाला आपलं म्हणणं एकदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतं. कल्पना वाईट नाही.

खुर्चीसाठी नाव विचारलं तेव्हा माझी पंचाईत झाली. बायको केली नाही. घड्याळवाल्याचं नाव देणार होतो, पण तो डॉक्टरांच्या मनगटावरचं घड्याळ विकत मागेल. शेवटी तुझं दिलं. तू यावंस असं मुळीच नाही. तू एका बैठकीभर मत न देता बसलीस तर कर्करोगाआधी तोच चमत्कार वैद्यकाच्या पुस्तकात जाईल. फक्त नाव दिलंय हे कळवणं सभ्यपणाचं, म्हणून कळवलं.

आईचं शिवणयंत्र अजून दालनाच्या कोपऱ्यात आहे, ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून. तू म्हणालीस मी ठेवावं, मी म्हणालो तू न्यावंस. लोक वस्तू मिळावी म्हणून भांडतात. आपण ती दुसऱ्याने घ्यावी म्हणून भांडलो, आणि तरीही शोभा झालीच.

मेव्हण्यांना नमस्कार. त्यांनी आपल्या भांडणात कधीच कुणाची बाजू घेतली नाही. घरात एकतरी शहाणं माणूस असावं.

दादा

२५ फेब्रुवारी

नकटे,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं.

केंद्राचं वर्णन करतो, म्हणजे तुला नाक मुरडायला काहीतरी मिळेल. जमिनीवर रंगीत पट्टे काढलेले आहेत. हिरवा किरणांच्या खोलीकडे नेतो, पिवळा तपासण्यांकडे, निळा ज्यांना कुठे जायचं ते कळेनासं झालंय त्यांच्यासाठी. निळ्या पट्ट्याच्या टोकाला एक परिचारिका बसते. तिचं कामच हे, की रुग्णाला या खोलीतून त्या खोलीत न्यायचं, कुठला डॉक्टर काय म्हणाला ते पुन्हा सांगायचं, घरी न्यायला गाडी नसेल तर गाडी बघायची. मी तिला सारथी म्हणतो. ती मला “सरळ चला” म्हणते. तिच्या मागच्या कपाटात केसांचे टोप आणि रुमाल ठेवलेले असतात, औषधाने केस गेलेल्यांसाठी, फुकट. मला त्यांची गरज नाही, पण एक कुरळा टोप घालून पाहिला. सारथी म्हणाली, “काढा. तुमच्या आजारावर याचा काही उपयोग नाही आणि माझ्या डोळ्यांना त्रास होतोय.”

माझ्यापुढे दोन मार्ग आहेत. सर्जनबाईंनी माझ्याच तपासणीच्या पाकिटावर चित्र काढून समजावलं. त्यांची नखं इतकी बारीक कापलेली असतात की त्यांच्या हातावर विश्वास बसतो. त्या म्हणाल्या, “गाठ शेजारच्या कूर्चेत शिरली आहे. माझं मत विचाराल तर अख्खं स्वरयंत्र काढावं, आणि जखम भरली की वरून किरणं द्यावीत. गाठ मुळासकट जाण्याची सगळ्यात जास्त खात्री त्यात आहे. श्वास गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून घ्याल. आत एक छोटी झडप बसवतो, तिच्यातून बोलायला शिकाल. आवाज वेगळा असेल, पण असेल.”

किरणांचे डॉक्टर मितभाषी. ते म्हणाले, “दुसरा मार्ग माझ्याकडे आहे. किरणं आणि सोबत औषध. तुमचं स्वरयंत्र जागेवर राहील, आवाजही बहुधा राहील, थोडा खरबरीत. पण तुमच्या बाबतीत गाठ परत येण्याची भीती यात जास्त. आणि परत आली तर हीच शस्त्रक्रिया करावी लागेल, आजच्यापेक्षा अवघड होऊन.”

“म्हणजे तुमचीही पसंती शस्त्रक्रियेलाच?” मी विचारलं.

“होय. पण तुम्ही माझ्याकडे आलात तर मी मन लावून काम करीन.”

दोघं एकमेकांच्या मालाची निंदा करत नाहीत. आमच्या धंद्यात असं होत नसल्यामुळे मी जरा गोंधळलो.

माझा कल किरणांकडे आहे. कारणं उघड आहेत. संस्कृत घेऊन एम. ए. झालो आणि लिलाव पुकारायला लागलो, तेव्हा सगळे हसले होते, तू सगळ्यात जास्त. पण दोन्हीकडे भांडवल एकच : वाणी. जी परंपरा शब्दालाच ब्रह्म मानते, तिच्यात घडलेल्या माणसाने स्वरयंत्र उतरवून ताटात ठेवायचं ही गोष्ट तत्त्वतःच विसंगत आहे. माणूस नुसता श्वास घेण्यासाठी असतो का? वाणी गेली की उरतं ते केवळ शरीर. किंबहुना, अशा वेळी उपचारांनीही मर्यादा ओळखावी.

हे तुला नव्याने सांगायला नको. आईच्या वेळी तूच म्हणाली होतीस, कापाकापी पुरे, माणसाला माणसासारखं राहू दे. आणि अंगणाच्या दारात उभी राहून मला काय म्हणालीस तेही आठवतं : “दादा, तू आईवर बोली चढवत गेलास. समोर दुसरं कुणी बोली लावत नसताना.” वाक्य उत्तम होतं. इतकं उत्तम की त्यानंतर तुझ्याशी बोलणं शक्यच नव्हतं. त्या बाबतीत माझं मत आजही तेच आहे, आईला जे जे मिळण्यासारखं होतं ते मिळायलाच हवं होतं. पण तुझं तत्त्व तुझ्यापाशी शाबूत असेल ना? या खेपेला ते मला हवंय. दोन ओळी लिहून पाठव. बैठकीत वाचून दाखवीन.

दादा

९ मार्च

नकटे,

अजून काही नाही. ठीक. तू विचार करते आहेस असं धरून चालतो. प्रत्येक गोष्ट कधीतरी पहिल्यांदा होते.

केंद्रात दर बुधवारी, जिन्याखालच्या खोलीत, स्वरयंत्र काढलेल्या लोकांची बैठक भरते. सारथी म्हणाली, “जाऊन तर बघा.” मी म्हटलं, बघायला जातो, घ्यायला नाही. हे म्हणताना माझ्या लक्षात आलं, की ‘नुसतं बघतोय’ म्हणणारं गिऱ्हाईक मला फार चांगलं माहीत आहे.

मला वाटलं होतं, शांत खोली असेल. माणसं खाली मान घालून बसली असतील. नकटे, अख्ख्या इमारतीत तेवढा गोंगाट कुठे नाही. एक गवंडी, एक निवृत्त कारकून आणि एक बाई एकाच वेळी तीन निरनिराळ्या खरखरीत आवाजांत भांडत होते, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर. बोलताना प्रत्येकजण अंगठा गळ्याच्या छिद्रावर बसवलेल्या बोंडावर दाबतो. त्यामुळे कोण बोलणार ते आधीच कळतं, आणि दुसरा लगेच त्याच्याआधी दाबतो.

ती बाई पोहण्याची शिक्षिका. तिने मला शेजारी बसवून घेतलं.

“पोहता येतं का अजून?” मी विचारलं.

“छे. पाणी गळ्यातून थेट फुप्फुसात जाईल. काठावरून शिकवते.”

“शिट्टी वाजवून?”

“शिट्टीला तोंडातून हवा लागते, माझी येते गळ्यातून. ताटली बडवते. पोरं शिट्टीला जुमानत नव्हती, ताटलीला टरकतात.” मग तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही काय करता?”

“लिलाव पुकारतो.”

“मग एक हात गळ्याशी, एक हात हातोड्याला. कपाळाला खाज आली तर काय कराल तेवढं ठरवून ठेवा.”

हसताना त्यांचा आवाज होत नाही. सगळी खोली खांदे हलवत होती. मी तिथे ठरल्यापेक्षा जास्त वेळ बसलो. बसायला खुर्ची बरी होती, एवढंच कारण.

दुसरी गोष्ट. केंद्रात वाणीच्या उपचारांची एक तरुण मुलगी आहे. मी तिला वाग्देवी म्हणतो, ती मला काका. कुठलाही मार्ग घेतला तरी आवाज आत्ताच साठवून ठेवा म्हणाली, आणि एक छोटं यंत्र दिलं. खिशात मावतं, वाक्य बोलून ठेवायचं, पुढे बटण दाबलं की आपल्याच आवाजात ऐकू येतं. मी मन लावून काम केलं. उत्तमातली उत्तम स्तोत्रं म्हटली. माझी सुप्रसिद्ध प्रस्तावना, “सभ्य स्त्री-पुरुषहो, आज आपल्यासमोर,” ती म्हटली. “एक वार, दोन वार, तीन वार” हे तर तीन तऱ्हांनी. वाग्देवीने सगळं ऐकलं, डोळे मिटून.

“फार छान आहे, काका. पण हे तुम्ही कुणाशी बोलताय?”

“दालनाशी.”

“दालन तुम्हाला पाणी आणून देतं?”

मी यंत्र बंद केलं.

“एका माणसाशी बोललेली वाक्यं आणा. घरातली. ‘उठ रे’, ‘बस गं’, काहीही. ती गेली की माणसाला चुकल्यासारखं होतं. भाषणं कुणाला आठवत नाहीत.”

घरी येऊन बसलो. एका माणसाशी बोलण्याची वाक्यं शोधायला लागलो. घरात एक माणूस असतो, तो मीच, आणि मी स्वतःशी बोलताना फारसं काही नवीन सांगत नाही. खूप मागे गेल्यावर काही सापडली. ती यंत्रात भरली : “नकटे, दार लाव.” “नकटे, तो माझा पेला आहे.” “नकटे, तुला काही कळत नाही.” “नकटे, गप्प बस.” वाग्देवी खूश झाली. म्हणाली, “ही जिवंत आहेत! कोण आहे ही नकटी?”

मी म्हणालो, एक जुनं गिऱ्हाईक.

गैरसमज नको. दुसरी वाक्यं नव्हती म्हणून.

दादा

१६ मार्च

नकटे,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एका बाजूला माझा पत्ता. दुसऱ्या बाजूला, मधोमध, एक शब्द : “काप.”

सही नाही. तारीख नाही. प्रिय नाही, पूज्य नाही. काप! सर्जनबाईंनीसुद्धा हे इतक्या उत्साहाने सुचवलं नव्हतं, आणि त्यांचा तर तो व्यवसाय आहे.

मी तुझं तत्त्व मागितलं होतं, सुरी नव्हे. आईच्या वेळी तू दारात उभं राहून मला जे ऐकवलंस ते काय होतं मग? तेव्हा माणसाला माणसासारखं राहू द्यायचं होतं. आता माझा गळा म्हटल्यावर एकदम काप? पूर्वपक्षही तूच मांडणार, उत्तरपक्षही तूच मांडणार, आणि मी काय मधे बसून पंखा हलवायचा? शास्त्रार्थात याला काय म्हणतात ते लिहीत नाही, शब्द सभ्य नाही.

की तुला एवढंच हवंय, की माझं तोंड एकदाचं बंद व्हावं? तसं असेल तर सांगतो, बुधवारची खोली पाहून आलोय. त्या वाटेने गेलेल्यांचं तोंड बंद होत नाही.

सविस्तर खुलासा पाठव. बैठक पुढच्या आठवड्यात आहे.

रागात,
दादा

२४ मार्च

नकटे,

तुझं लांबलचक पत्र बैठकीच्या आदल्या दिवशी पोचलं. चार वेळा वाचलं. त्यातल्या काही ओळी इथे उतरवतो, म्हणजे तू काय लिहून बसलीस ते तुझ्याही लक्षात राहील :

“आई थकली होती, दादा. तुला सांगत नव्हती. तू खोलीत आलास की उठून बसायची, केस सारखे करायची आणि ‘आज बरं वाटतंय’ म्हणायची. तू गेलास की माझा हात धरून ‘पुरे कर’ म्हणायची. मी तत्त्व वगैरे मांडत नव्हते. तिचा निरोप सांगत होते. तू थकलेला नाहीस. स्वतःची पत्रं काढून वाच, नुसता टवटवीत आहेस, दर ओळीला फाजीलपणा. तुला जगायचंय आणि आवाज जाईल म्हणून तुझी पाचावर धारण बसली आहे. बसू दे, कुणाचीही बसेल. पण भीतीला संस्कृत कपडे घालून माझ्यासमोर आणू नकोस. मी तिला ओळखते.”

आईबद्दल तू लिहिलंस, त्यावर माझं म्हणणं मी राखून ठेवतो. राखून ठेवतो म्हणजे मान्य केलं असं नव्हे. ती मला ‘बरं वाटतंय’ म्हणायची हे खरं, आणि केस सारखे करायची हेही खरं. दोन्ही मी पाहिलेलं आहे. इथे थांबतो.

कपड्यांबद्दल मात्र काही बोलत नाही.

बैठकीचा वृत्तांत तुला माहीत आहे, कारण तू खुर्चीत होतीस. पण फोनमधून तुला दिसत नव्हतं, म्हणून सांगतो. सारथीने तुला लावलेला फोन खरोखर सोबत्याच्या खुर्चीवर ठेवला. तो आडवा पडायला लागला तेव्हा पाठीशी रुमालांची खोकी लावली आणि खाली उशी दिली. सगळे डॉक्टर त्या उशीकडे बघून अदबीने बोलत होते.

“ताई, ऐकू येतंय का?” सारथी म्हणाली.

“येतंय. दादा, सरळ बस.”

मी पोक काढूनच बसलो होतो. सगळे हसले.

“मत द्यायचं नाही हं, ताई.”

“हे मत नाही. वस्तुस्थिती आहे.”

आणि मग तू गप्प बसलीस. सर्जनबाईंनी सगळं सांगितलं, किरणवाल्यांनी सांगितलं, आहाराच्या बाईंनी गिळण्याचं सांगितलं, वाग्देवीने झडपेचं. मी अनेक प्रश्न विचारले, त्यातले निम्मे केवळ चांगले दिसावेत म्हणून. तुझ्याकडून हूं नाही की चूं नाही. मधे सारथीने वाकून पाहिलं, फोन बंद तर नाही ना पडला. नकटे, एवढ्या वर्षांच्या अबोल्यात मला तुझी शांतता इतकी जड वाटली नव्हती.

शेवटी तो प्रश्न. “तुमच्या भावाला काय हवंय?”

तू म्हणालीस, “त्याला जगायचंय. त्यात त्याच्या मनात शंका नाही. फक्त आवाज गेल्यावरही आपल्याशी कुणी भांडेल का, हे त्याला कळत नाहीये.” आणि वर : “भांडेन.”

“शेवटचं हे मत झालं,” सारथी म्हणाली, “पण चालेल.”

टेबलाभोवती सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोली पुकारणारा माणूस. किती वर्षं लोकांच्या चेहऱ्यांवर शोधतोय की याला खरोखर हवंय की नुसता हात वर केलाय. स्वतःचा चेहरा तेवढा कधी पाहिला नव्हता. सर्जनबाईंना म्हटलं, “पूर्ण काढा. झडप चांगल्यातली बसवा, गिऱ्हाईक भांडखोर आहे.”

त्यांनी मान हलवली. किरणवाले डॉक्टर पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, “नंतर भेटूच.”

बाहेर आल्यावर पाय हलके वाटत होते. हिरव्या पट्ट्यावरून चालत थेट किरणांच्या खोलीपर्यंत गेलो, बाहेरचं दार दुसऱ्या टोकाला होतं तरीही.

दादा

५ एप्रिल

नकटे,

उद्या दाखल होतोय. परवा शस्त्रक्रिया.

आज दालनात लिलाव होता. जाहीर काही केलं नव्हतं, पण घड्याळवाल्याच्या पोटात काही राहत नाही. दालन भरलं होतं. मी पुकारायला उभा राहिलो, आणि सगळे इतके चिडीचूप की मला आवाज चढवावाच लागला नाही. खुर्च्या, आरसे, एक पितळी दिवा, सगळं एका दमात गेलं. शेवटचा नग भिंतीवरचं घड्याळ होतं, बंद पडलेलं. घड्याळवाल्याने पहिल्याच बोलीला अवाच्या सवा किंमत लावली. मी म्हटलं, “हे चालत नाही, माहीत आहे ना?” तो म्हणाला, “मालक, तुम्ही परत येईपर्यंत चालतं करून ठेवतो.” मला हातोडा आपटायला थोडा उशीर झाला. घशात गाठ असली की असं होतं.

यंत्रात आणखी काही वाक्यं भरली. वाग्देवीने नापास केलेली ‘एक वार, दोन वार’ पुसली नाहीत. असू देत, जागा आहे.

तू यायचं कारण नाही. सोबतीला केंद्रातली माणसं आहेत, बुधवारची मंडळी आळीपाळीने येणार आहेत, पोहणं शिकवणारी बाई ताटली घेऊन येते म्हणाली. तेव्हा उगाच धावपळ करू नकोस. आलीसच, तर मागच्या दाराची किल्ली घड्याळवाल्याकडे आहे. वरच्या खोलीत धुतलेली चादर घातली आहे. उशी तुला लागते तशी चपटी आहे. स्नानघरातला डावा नळ घट्ट फिरवावा लागतो.

पण येऊ नकोस.

दादा

२ मे

नकटे,

हे पत्र टपालाने येणार नाही. तू भिंतीपलीकडे झोपली आहेस, आणि उन्हं वर आली तरी घोरते आहेस, नाक एवढंसं असून. मी ते दाराखालून सरकवणार आहे. कारण आमच्या धंद्यात विक्री झाली की खरेदीदाराला लेखी कळवावं लागतं.

आधी पार्श्वभूमी, म्हणजे पुढे तू नाकारू नयेस.

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलो तेव्हा तू होतीस. मला बोलता येत नव्हतं, आणि तू त्याचा पुरेपूर फायदा घेतलास. किती वर्षांचं साठवलेलं ऐकवलंस! मी पाटीवर उत्तर लिहीपर्यंत तू पुढच्या मुद्द्यावर. गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत असं सर्जनबाई सांगून गेल्या, तेव्हा तू त्यांना उभ्या उभ्या मिठी मारलीस आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणालीस, “दाढी किती वाढली आहे बघ.”

मग तो दिवस, झडप पहिल्यांदा वापरायचा. मी पहिला शब्द ठरवून ठेवला होता. वजनदार होता. वाग्देवी म्हणाली, “श्वास घ्या, अंगठा दाबा, नुसतं ‘आ’ म्हणा.” काही येईना. हवा नुसती फुसफुसत होती. मी पुन्हा पुन्हा दाबतोय, घाम फुटलाय, आणि तू मागे खुर्चीत बसून सारथीला सांगत होतीस, “दादा लहानपणी अंधाराला इतका घाबरायचा, मला हात धरून न्यायला लागायचं.”

“खोटं!”

खोलीतले सगळे थांबले. फरशीवरून कपाट ओढल्यासारखा आवाज होता, पण शब्द स्वच्छ. आयुष्यभर ज्या वाणीची तयारी केली, तिचं नव्या जन्मातलं पहिलं वचन हे. वाग्देवीने टाळ्या वाजवल्या. तू तोंडावर ओढणी घेऊन बाहेर गेलीस, आणि परत आलीस ती डोळे लाल करून, भांडायच्या तयारीने : “खोटं कसं? जिन्यापाशी रडत उभा राहायचास की नाही?”

(खोटंच आहे. एकदाच.)

आता कालची गोष्ट. जेवणं झाल्यावर तू म्हणालीस की परतीचं तिकीट रविवारचं आहे. मी उठलो, खाली दालनात गेलो, हातोडा घेऊन आलो आणि टेबलाच्या टोकाला उभा राहिलो. एक हात गळ्याशी.

“सभ्य स्त्री... हो,” मी म्हणालो. पुरुष कुणी नव्हते. “नग एकच. शिवणयंत्र. आईचं. पायाने चालणारं. बोली... मुक्कामात.”

तुला कळायला क्षणभर लागला. मग तू हात पुसलेस, खुर्ची पुढे ओढलीस आणि लिलावाला आलेल्या बाईसारखी मान ताठ केलीस. “रविवारपर्यंत.”

“रविवार... एक वार.”

“पुढच्या रविवारपर्यंत.”

मी दालनभर नजर फिरवली. म्हणजे स्वयंपाकघरभर. दुसरं कुणी नव्हतं. “पुढचा रविवार... एक वार... दोन...”

“महिनाअखेरपर्यंत,” तू म्हणालीस.

मी हातोडा उचललेला तसाच धरला. मेव्हण्यांना विचारलंस का, हे विचारायचं होतं, पण श्वास वाचवत होतो. तू माझ्याकडे बघत होतीस. मग हळू म्हणालीस, “किरणं संपेपर्यंत.”

समोर दुसरं कुणी बोली लावत नसताना तू बोली चढवत गेलीस, नकटे. आणि मला समजत होतं की असं माणूस का करतं. याबद्दल याहून जास्त लिहायचं नाही. तुलाही काल तेच आठवलं असणार, कारण तू मान फिरवून खिडकीबाहेर बघायला लागलीस.

“किरणं... एक वार,” मी म्हणालो. “दोन वार.” आणि दम संपला. अंगठा दाबतोय, हवा नाही. हातोडा वर. तू वाट बघितलीस. मग उठलीस, माझ्या खिशातलं यंत्र काढलंस, तुला बटण कुठलं ते बरोबर माहीत होतं, म्हणजे मी झोपलेला असताना तू सगळं ऐकलेलं आहेस. दाबलंस.

“तीन वार!” माझा जुना आवाज म्हणाला. खणखणीत, दालन भरून टाकणारा. वाग्देवीला सांगायला हवं, हे वाक्य भर दालनासाठी म्हटलं होतं, पण ऐकायला एकच माणूस होतं.

हातोडा मी आपटला. तो हात माझाच होता.

तेव्हा कळवण्यात येतं की वर नमूद केलेलं शिवणयंत्र आपण खुल्या लिलावात, सर्वोच्च बोलीने घेतलेलं आहे. चिठ्ठी काढली आहे. तेल घालून ठेवलं आहे, पायडल किंचित कुरकुरतं. किरणं सोमवारी सुरू होतात, सहा आठवडे चालतील, हिरव्या पट्ट्याने जायचं, सोबत्याची खुर्ची तिथेही असते. रविवारचं तिकीट रद्द करायला विसरू नकोस, आणि मेव्हण्यांना तूच कळव, त्यांनी आजवर बाजू घेतली नाही, आता घेतील अशी भीती वाटते.

पाकिटात आशीर्वाद ठेवले आहेत. या खेपेला परत घेतले जाणार नाहीत.

ऊठ आता. चहा निवतोय. आता नाकातून श्वास नाही, म्हणून मला वास येत नाही, पण दिसतं.

दादा